कैरोला निघालात? अर्धा दिवस बाब अल-खल्कसाठी ठेवा

माझ्या टेबलावर इजिप्तच्या सहलींची तीन माहितीपत्रकं पडली आहेत. तिन्ही गुळगुळीत कागदावर, तिन्हींच्या मुखपृष्ठावर उंट आणि उंटामागे पिरॅमिड. आठ दिवस, सात रात्रींच्या हिशेबात गिझा आहे, तुतनखामेन आहे, लक्सर-अस्वान आहे, नाईलवरची बोट आहे आणि बोटीवर ‘शुद्ध शाकाहारी व जैन भोजनाची सोय’ही आहे. पपायरसच्या दुकानाला भेट आहे, अत्तराच्या दुकानाला भेट आहे, एकात तर सुती कपड्यांच्या शोरूमलाही भेट आहे. बाब अल-खल्क चौकातलं इस्लामी कलेचं संग्रहालय मात्र तिन्हींत कुठे नाही. बारीक अक्षरातल्या ‘ऐच्छिक स्थळं, वेगळा आकार’ या यादीतसुद्धा नाही.

घाईने लिहायला बसले याची कारणं दोन. इजिप्तला जायचा हंगाम थंडीचा, म्हणजे आगाऊ रक्कम भरायचे दिवस आत्ताचे. एकदा पैसे भरले की कार्यक्रम दगडावर कोरला जातो, मग त्यात कुणी अर्धा तासही इकडचा तिकडे करत नाही. दुसरं कारण जास्त काळजीचं आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पिरॅमिडांच्या शेजारी ‘ग्रँड इजिप्शियन म्युझियम’ समारंभाने उघडलं. भव्य आहे, बघायलाच हवं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सहलवाल्यांना त्यासाठी एक आख्खा दिवस हवा होता आणि तो त्यांनी कुठून काढला हे या पत्रकांवरून दिसतं. पपायरसचं दुकान जागच्या जागी आहे. अत्तराचं दुकानही आहे. कापला गेलाय तो जुन्या कैरोचा दिवस. पूर्वी किल्ला, सुलतान हसनची मशीद आणि जुन्या गल्ल्या यांना मिळून एक दिवस तरी मिळायचा, आता त्याचं ‘खान अल-खलिली बाजारात खरेदीसाठी मोकळा वेळ’ एवढंच उरलं आहे. नवे कार्यक्रम एकदा पाचदहा वर्षांसाठी रुळले, की फारोंच्या नंतरही इजिप्तमध्ये काही घडलं होतं हे मराठी प्रवाशाला कळायची वाट बंद झाली म्हणून समजा.

म्हणून ही विनंती. यंदा तुम्ही, तुमचे आईवडील, तुमचा ज्येष्ठ नागरिक संघ, ऑफिसातला ग्रुप, कुणीही इजिप्तला निघालं असेल, तर पैसे भरण्याआधी एकच गोष्ट लेखी मागून घ्या : इस्लामी कला संग्रहालयात तीन तास. जादा दिवस नको, जादा पैसे नकोत. दोनपैकी एक दुकान काढा आणि ते तीन तास इकडे द्या.

हे मी लांबून सांगत नाही, त्या बसमधून मीही गेले आहे. मी आणि ताई. आमचा चौतीस जणांचा ग्रुप. कैरोतल्या दुसऱ्या दिवशी आम्हाला पपायरसच्या दुकानात नेलं. देठ कसा सोलायचा, पट्ट्या कशा पाण्यात भिजवायच्या, आडव्या-उभ्या कशा दाबायच्या याचं प्रात्यक्षिक पंधरा मिनिटांत संपलं. पुढचा सव्वा तास घासाघीस. तिथून अत्तराच्या दुकानात. लालभडक करकदे सरबत पाजून प्रत्येकाच्या दोन्ही मनगटांवर मिळून सहा वास लावले. ताईला त्या वासांनी शिंका सुरू झाल्या, त्या रात्रीपर्यंत. बसमध्ये परतल्यावर मी टूर मॅनेजरला विचारलं, इस्लामी कलेचं संग्रहालय वाटेतच आहे ना, तिथे का नाही थांबायचं? तो मुलगा चांगला होता, मनमिळाऊ. म्हणाला, “मॅडम, तिथं मशिदीतलंच सामान असतं. आपल्या लोकांना इंटरेस्ट नसतो त्यात.” मागच्या सीटवरच्या काकांनी लगेच री ओढली, “आपल्याला काय करायचंय तिकडं?”

त्याच्या दुसऱ्या दिवशी खान अल-खलिलीत तीन तास मोकळे मिळाले. ताई म्हणाली, “मला पितळी पिरॅमिड नकोयत. चल.” बाजाराच्या तोंडाशी टॅक्सी केली आणि दहा मिनिटांत पोहोचलो. चालत गेलो असतो तरी वीस-पंचवीस मिनिटंच लागली असती.

इमारत रस्त्यावरूनच डोळ्यांत भरते. फिकट आणि गडद दगडांचे आडवे पट्टे, वर कंगोरे, ममलूक सुलतानांच्या काळातल्या जुन्या इमारतींच्या थाटात उभारलेली. २८ डिसेंबर १९०३ ला ती उघडली. समोरचा पोर्ट सईद रस्ता म्हणजे एके काळचा कालवा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बुजवलेला. खाली संग्रहालय आणि वरच्या मजल्यावर खेदिवांचं, म्हणजे इजिप्तच्या तेव्हाच्या राज्यकर्त्यांचं, ग्रंथालय अशी मूळची मांडणी. त्याआधी वीसेक वर्षं या वस्तू अल-हाकिमच्या मोडकळीला आलेल्या मशिदीत ठेवलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात कैरोतल्या जुन्या मशिदी, मदरसे, वाडे पडत होते. कोरीव दारं, दिवे, फरशा युरोपातल्या हौशी लोकांकडे जहाजं भरभरून चालल्या होत्या. तेव्हा जे हाताला लागलं ते वाचवून एका छपराखाली आणायचं, इतक्या साध्या निकडीतून हे संग्रहालय उभं राहिलं. आज त्याच्याकडे लाखाच्या घरात वस्तू आहेत आणि इस्लामी कलेच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. आम्ही आत गेलो तेव्हा ओळीने चाललेली एक शाळा होती, जमिनीवर मांडी घालून नक्षी उतरवून घेणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली होत्या आणि पहारेकरी. परदेशी पर्यटक म्हणाल तर आम्ही दोघी.

टूर मॅनेजर म्हणाला होता मशिदीतलं सामान. आम्ही पहिल्यांदा थबकलो ती वस्तू मशिदीतली नव्हती, स्वयंपाकघरातली होती. आपला माठ असतो तशी, झिलई न केलेल्या मातीची सुरई. पाणी झिरपून गार राहावं म्हणून भांडं सच्छिद्र. सुरईचं तोंड रुंद, मान बारीक, आणि त्या मानेच्या आत, जिथे वरून वाकून पाहिल्याशिवाय काही दिसत नाही तिथे, मातीचीच एक जाळी बसवलेली. नाईलच्या पाण्यातला कचरा अडावा, किडामुंगी आत जाऊ नये आणि ओतताना पाणी भसकन येऊ नये, एवढंच तिचं काम. चार भोकं पाडली असती तरी भागलं असतं. पण कुंभाराने तिथे मोर कोरला आहे. दुसऱ्या जाळीत हत्ती, तिसरीत मासा, चौथीत नुसती चांदण्यांची वीण, कशात आशीर्वादाचे दोन शब्द. सगळं मिळून तळहाताच्या खोलगटात मावेल एवढंसं. माती ओली असताना टोकदार हत्याराने एकेक भोक पाडत आकृती मोकळी करायची, एक भोक जास्त पडलं की मोराची मान तुटली. सुरया फुटल्या, मातीत गेल्या, जाळ्या तेवढ्या राहिल्या.

ताई त्या कपाटापुढे किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने आयुष्यभर पहाटे उठून घराचं पाणी भरलं आहे. ती एवढंच म्हणाली, “हे दिसतं कुणाला गं? फक्त पाणी पिणाऱ्याला.”

या जाळ्या सापडल्या फुस्तातमध्ये. फुस्तात म्हणजे कैरोच्या आधीची राजधानी, अरबांनी ६४१-४२ च्या सुमारास वसवलेली. ११६८ मध्ये, ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांची फौज चालून येते आहे म्हटल्यावर, वजिराने तिला आग लावली. मग शेकडो वर्षं कैरो आपला केरकचरा तिथे टाकत राहिलं. पुढे अली बहगत या इजिप्ती अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे उकिरडे शास्त्रशुद्ध उकरायला घेतले, तेव्हा भांडी, काच, हाडाच्या बाहुल्या, कापड असा संसारच्या संसार निघाला. राजवाड्यातल्या वस्तू कोणीही जपतं. उकिरड्यातून आलेल्या चीजवस्तू इतक्या प्रेमाने मांडलेलं संग्रहालय मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आता दिव्यांबद्दल, कारण ते पाहिल्याशिवाय कुणी परत येऊ नये. चौदाव्या शतकातले, फुंकून घडवलेल्या काचेचे, फुगीर पोटाचे आणि वर उमलत गेलेल्या गळ्याचे दिवे. काचेवर सोन्याचा मुलामा, निळ्या-तांबड्या मिन्याची अक्षरं. खांद्यावर काचेच्याच कड्या, त्यांत साखळ्या अडकवून छतापासून खाली सोडायचे. आत तेलाचं भांडं आणि वात. वात पेटली की अक्षरं आतून उजळणार. असे मिनेकारीचे दिवे जगात कुठेही इतके एकत्र नाहीत आणि त्यातले बरेचसे किल्ल्याच्या पायथ्याच्या सुलतान हसनच्या मशिदीतून आले आहेत, जिच्यासमोरून तुमची बस जाणारच आहे. यातल्या कित्येक दिव्यांवर गोल चौकटीत एक खूण दिसेल. सरदाराच्या हुद्द्याची ती निशाणी. मद्य किंवा सरबत देणाऱ्या अधिकाऱ्याची खूण पेला, तलवार बाळगणाऱ्याची तलवार, आणि सुलतानाची दौत सांभाळणाऱ्याची खूण कलमदान. या दौतवाल्या अधिकाऱ्याला म्हणत ‘दवादार’. हवालदार, सुभेदार म्हणत वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

गंमत अशी की या संग्रहालयात मराठी माणूस पाट्या न वाचताही बरंच समजून घेऊ शकतो. दिव्याला अरबीत किंदील, म्हणजे आपला दिवाळीतला कंदील. कुफ्ल म्हणजे कुलूप. ममलूक काळातली काबागृहाची किल्लीही इथे आहे, ती पाहताना आठवा. नक्श म्हणजे नक्षी. कलम आणि दौत तर जशीच्या तशी. आणि एका दालनात पितळेचं सहा बाजूंचं, जाळीदार, चांदी ठोकून बसवलेलं जवळपास कमरेएवढं एक मेज आहे. १३२७-२८ मधलं, सुलतान अन-नासिर मुहम्मदसाठी केलेलं. घडवणाऱ्याने स्वतःचं नावही त्यावर सोडलं आहे : मुहम्मद इब्न सुनकुर, बगदादचा. या मेजाला म्हणतात ‘कुर्सी’. आपण त्या शब्दाची खुर्ची केली आणि वर बसलो. हे चांदीचं काम जवळून पाहा. पितळेत खोबणी करायची, चांदीचा पत्रा किंवा तार तीत ठोकून बसवायची, घासून एकजीव करायचं. बिदरी काम पाहिलेलं असेल त्याला हात कसा चालला असेल हे लगेच कळेल. धातू वेगळा, पाठीमागचा काळा रंग वेगळा, पण कसब चुलतभावाचं.

मागच्या सीटवरच्या काकांसाठी एक वस्तू मी मुद्दाम लक्षात ठेवून आणली आहे. फातिमी खलिफांच्या राजवाड्यातल्या, अकराव्या शतकातल्या लाकडी पट्ट्या. त्यांवर कोरलेलं आहे काय? वीणेसारखं वाद्य छेडणारे वादक, नाचणाऱ्या बायका, पेला हातात धरून बसलेले रसिक, शिकारी, उंटावरचे प्रवासी. राजवाडा गेला, राजवट गेली. तेराव्या शतकात सुलतान कलावूनने त्या जागी मोठं रुग्णालय बांधलं आणि हे लाकूड पुन्हा वापरलं, पण तोंड भिंतीकडे करून. पुढे शेकडो वर्षांनी दुरुस्तीसाठी पट्ट्या काढल्या तेव्हा मागच्या बाजूला ही मैफल जशीच्या तशी सापडली. भिंतीकडे तोंड होतं म्हणून वाचली. इस्लामी कलेत माणसाचं चित्र नसतं, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं वाक्य घेऊन येणाऱ्याने या पट्ट्यांसमोर दोन मिनिटं उभं राहावं. प्रार्थनेच्या जागेत नसतं, हे खरं. घरात, हमामखान्यात, ताटांवर, पेल्यांवर सगळं असतं. चमकदार झिलईच्या एका फुटक्या भांड्याच्या तुकड्यावर तर चक्क येशूचा चेहरा आहे. मुस्लिम खलिफाच्या शहरात ख्रिस्ती गिऱ्हाइकासाठी घडवलेला, की कुंभारच ख्रिस्ती होता, यावर अभ्यासक वाद घालोत. आपण तुकडा पाहावा.

नावातल्या ‘इस्लामी’ या शब्दाला बिचकणारे पुष्कळ आहेत. खरं तर हे संग्रहालय उघडलं तेव्हा त्याचं नाव ‘अरबी पुरावस्तूंचं घर’ असं होतं. पण संग्रहात इराणची भांडी, तुर्कस्तानच्या इझ्निकच्या फरशा, अनातोलियाचे गालिचे असं बरंच काही होतं आणि त्यांना अरबी म्हणणं चुकीचं, म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नाव बदललं. थोडक्यात, हे एका धर्माचं देवघर नाही, स्पेनपासून हिंदुस्थानापर्यंत पसरलेल्या एका मोठ्या मुलखाचं हे घर आहे. त्यात डॉक्टरांची शस्त्रं आहेत, आकाश मोजायची यंत्रं आहेत, नाणी आहेत, आणि हिजरी सन ३१ म्हणजे इसवी सन ६५२ चा एक थडग्याचा दगडही आहे, तारीख कोरलेल्या सगळ्यात जुन्या अरबी लेखांपैकी एक. मला स्वतःला सगळं सारखंच आवडलं असं नाही. गालिच्यांच्या दालनातून मी भराभर निघाले, अंधूक उजेड आणि माझे दुखणारे पाय, दोन्हींमुळे. तुम्ही थांबाल कदाचित.

आता २४ जानेवारी २०१४ बद्दल. शुक्रवारची पहाट, साडेसहाच्या सुमाराची वेळ. रस्त्यापलीकडे कैरोचं पोलीस मुख्यालय होतं. त्यासमोर स्फोटकांनी भरलेली गाडी उडवून दिली. चार माणसं गेली, सत्तरहून जास्त जखमी झाली. नेम संग्रहालयावर नव्हता, पण धडक त्याच्यावरच आली. छताचे भाग कोसळले, कपाटांच्या काचा फुटून आतल्या वस्तूंवर पडल्या, पाण्याचे नळ फुटले आणि लाकडांवर, हस्तलिखितांवर पाणी आलं. वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयालाही झळ बसली. सात वर्षांची दुरुस्ती संपून हे संग्रहालय २०१० मध्ये नव्याने उघडलं होतं, म्हणजे रंग अजून ताजा होता. दालनांत मांडलेल्या १,४७१ वस्तूंपैकी १७९ वस्तूंना इजा झाली. त्यांत ते काचेचे दिवेही होते.

पुढची तीन वर्षं तिथल्या कारागिरांनी काय केलं याची कल्पना करून पाहा. सातशे वर्षांच्या दिव्याची काच आणि कालपरवा बसवलेल्या कपाटाची काच, दोन्हींचा एकत्र झालेला चुरा चाळायचा. कोणती ठिकरी दिव्याची, कोणती कपाटाची, हे उजेडात धरून ठरवायचं. मग एकेक ठिकरी जागेवर. साधारण १६० वस्तू त्यांनी पुन्हा उभ्या केल्या. काही मात्र कायमच्या गेल्या. युनेस्कोने तातडीची मदत दिली, संयुक्त अरब अमिरातीने मोठा पैसा दिला, इतरही देश आले, आणि जानेवारी २०१७ मध्ये दारं उघडली. मांडणीही वाढवली. आज चार हजारांहून जास्त वस्तू पाहता येतात.

इतकं करून उघडलेल्या दारातून आत जायला माणसं नाहीत, हे मला सहन झालं नाही. पिरॅमिड कुणाच्या जाण्या-न जाण्यावर अवलंबून नाहीत. या संग्रहालयाचं तसं नाही. ज्या जागी परदेशी पावलं पडतात तिथे सरकार पैसे टाकतं, मार्गदर्शक शिकतात, पाट्या नीट होतात, बस थांबवायला जागा होते. जिथे पडत नाहीत तिथे दिवे मंद होत जातात. मराठी माणसं दरवर्षी मोठ्या संख्येने जग हिंडतात, आणि ग्रुपने हिंडतात. आपण मागितलं तर सहलवाला देतो. नवरात्रातल्या प्रवासात उपासाचे पदार्थ मागून घेतो की नाही आपण? साबुदाणा लक्सरपर्यंत पोहोचतो, तर तीन तास बाब अल-खल्कपर्यंत पोहोचायला हरकत काय?

आणि आपला तिथे काहीच धागा नाही असं समजू नका. अल-मसऊदी नावाचा बगदादचा इतिहासकार-प्रवासी ९१६ च्या सुमारास ‘सैमूर’ला येऊन गेला. सैमूर म्हणजे आपलं चौल, अलिबागपासून हाकेच्या अंतरावरचं. तिथे नांदणाऱ्या अरब व्यापाऱ्यांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. हा अल-मसऊदी ९५६ मध्ये वारला तो फुस्तातमध्येच, ज्या शहराच्या उकिरड्यातून त्या जाळ्या निघाल्या. त्याच फुस्तातच्या मातीत गुजरातेत ठसे मारून छापलेल्या सुती कापडाचे तुकडे सापडले, मंजिष्ठेने लाल आणि निळीने निळे केलेले. त्यातले हजाराहून अधिक आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. पश्चिम किनाऱ्यावरून निघालेलं गलबत तांबड्या समुद्रात शिरायचं आणि माल पुढे नाईलपर्यंत पोहोचायचा. चौलच्या नारळीच्या वाड्यांत फिरताना आपल्याला हे कुणी सांगत नाही. तिकडे गेल्यावर तरी आठवावं.

दोहा, दुबई, कुवेतला राहणाऱ्या मराठी मंडळींना वेगळं सांगायचं आहे. दोह्याचं इस्लामी कला संग्रहालय तुमच्या घराजवळ आहे. २००८ मध्ये उघडलेलं, आय. एम. पेई या वास्तुकाराने नव्वदीच्या उंबरठ्यावर साकारलेलं. पाहुणे आले की तुम्ही त्यांना समुद्रकाठी नेऊन त्या इमारतीपुढे फोटो काढता, मला फोटो आलेले आहेत. आतही न्या. पेईंना त्या इमारतीचा आकार सुचला तो कैरोतल्या इब्न तुलून मशिदीच्या अंगणातल्या हात-पाय धुण्याच्या कारंज्यावरून. एवढं सांगितलंत तरी पाहुण्यांची कैरोची तयारी निम्मी झाली.

दिवाळी अंकांच्या संपादकांनाही एक हात जोडून विनंती. इजिप्तवरचे प्रवासलेख येतात ते सगळे ममीपाशी सुरू होतात आणि क्लिओपात्रापाशी संपतात. पुढच्या लेखकाला विचारा, की क्लिओपात्रानंतरची दोन हजार वर्षं कुठे गेली? तो गडबडेल. त्याला बाब अल-खल्कला पाठवा.

करायचं काय, ते आता नेमकं सांगते. सहल कंपनीला फोन नको, ईमेल करा, आणि एकट्याने नको, ग्रुपमधल्या चार-पाच जणांच्या नावाने करा. ‘इस्लामी कला संग्रहालय, बाब अल-खल्क, किमान तीन तास, एक दुकानभेट वगळून’ एवढंच लिहा. स्थानिक मार्गदर्शक त्या संग्रहालयाची माहिती देणारा हवा हेही लिहा, नाहीतर तोही आपल्याबरोबर पहिल्यांदाच आत येतो. उघडण्याची वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या, रमजानमध्ये वेळा बदलतात. आत गेल्यावर सगळं पाहायचा हट्ट धरू नका. जाळ्या, दिवे, लाकडी पट्ट्या आणि ती कुर्सी एवढं नीट पाहिलंत तरी तीन तास सरतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना जाळ्यांतले प्राणी शोधायला लावा, बाकी सगळं ती आपणहून शोधतील. गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये, बसायला जागा आहे आणि गर्दी तर नाहीच.

आणि कंपनीने नाहीच ऐकलं, तर आमच्यासारखं करा. खान अल-खलिलीतल्या मोकळ्या तीन तासांत बाहेर पडा. टूर मॅनेजरला सांगून जा, बस कुठे आणि किती वाजता उभी राहणार ते लिहून घ्या, पासपोर्टची झेरॉक्स पर्समध्ये ठेवा. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘म्युझियम’ म्हणालात तर तो तुम्हाला तहरीर चौकातल्या दुसऱ्या संग्रहालयापाशी सोडेल. त्याला म्हणा, “मत्हफ अल-फन अल-इस्लामी, बाब अल-खल्क.”